इंग्लिशची समरी: पायरीपायरीने कशी लिहायची? लवकर सांगा

रानजाई:
भावाची परीक्षा तोंडावर आलीय. समरीत दर वेळी 3 पैकी 1 मार्क. ग्रामर बरं आहे, अक्षरही. वहीवर शेरा एकच: 'ओन वर्ड्‌स'. म्हणजे नेमकं काय करायचं?

चष्मिस:
परीक्षा कुठली? सीबीएसई अकरावी असेल तर आधी नोट्स, मग त्यावरून 50 शब्दांत समरी.

खारीबिस्कीट:
कुठलीही असो. उताऱ्याचे शब्द मोजा, एक तृतीयांशात बसवा. शीर्षक अजिबात देऊ नका.

जुना_खडू:
खारीबिस्कीट, तुम्ही यूपीएससीच्या सक्तीच्या इंग्रजी पेपरचं सांगताय. तिथली प्रेसी, म्हणजे सारांश, 75 मार्कांची आणि शीर्षक नको असं प्रश्नातच छापलेलं असतं. आपल्या बारावीला शीर्षक मागतात.

रानजाई:
अहो बारावीच! महाराष्ट्र बोर्ड.

जुना_खडू:
मग प्रश्नाखाली मुद्दे दिलेले असतात. त्यांचं तो काय करतो?

रानजाई:
मुद्द्यांना 'इज', 'आर' लावतो आणि मधली वाक्यं उताऱ्यातून उचलतो.

जुना_खडू:
मार्क तिथेच जातात. उतारा दोनदा वाचू दे, पहिल्यांदा पेन खाली ठेवून. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने चार शब्द, वाक्य नको. दिलेल्या मुद्द्यांशी ते ताडून बघायचं. जे कुठल्याच मुद्द्यात बसत नाही, ते बहुधा उदाहरण किंवा आकडा असतो, ते सोडायचं. बाटल्या, पिशव्या, कप, स्ट्रॉ अशी यादी आली तर 'प्लास्टिक वेस्ट' पुरे. मग उतारा हाताने झाकायचा आणि त्या चार-चार शब्दांवरून लिहायचं. सगळं एकाच परिच्छेदात, स्वतःचं मत न घालता.

खारीबिस्कीट:
झाकून लिहिलं की पोरं नावं चुकवतात. समोर ठेवून समानार्थी शब्द घालणं सुरक्षित.

जुना_खडू:
शब्द बदलले तरी वाक्याचा साचा उताऱ्याचाच राहतो, तपासणाऱ्याला लगेच दिसतं. नावं शेवटी पडताळता येतात.

चष्मिस:
मला खडूंचं पटतं. फक्त वेळ लावून सराव हवा, नाहीतर पेपरात झाकणं-उघडणं जड जाईल.

मोगरा७:
माइंड मॅपिंगचे मार्क सोडू नका हं! मधे गोल काढून फांद्या. माझ्या मुलीला पूर्ण मिळाले. आणि रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावा.

रानजाई:
मोगराताई, माइंड मॅपिंग येतं त्याला. खडू सर, 'द पॅसेज टेल्स अस दॅट' अशी सुरुवात चालेल का? क्लासमध्ये तशीच शिकवलीय.

जुना_खडू:
नको. पाच शब्द वाया जातात. थेट विषयाने सुरुवात करायची.

खारीबिस्कीट:
एवढं काही बिघडत नाही त्याने.

रानजाई:
बरं, आज रात्री एक करून घेते. शीर्षक वर लिहायचं ना?

जुना_खडू:
वरच, मधोमध. पण जागा सोडून ठेवायची आणि समरी लिहून झाली की ठरवायचं. लिहून झालं की इथे टाका, बघतो.