सार्वजनिक वाचनालयात सरकारी माहिती का मिळत नाही?

फडताळ:
तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंक मिळतात, कादंबऱ्या मिळतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तर हातोहात जातात. तिथे नगरपरिषदेचा अर्थसंकल्प किंवा राजपत्र मागून बघा. ग्रंथपाल म्हणेल, ते कचेरीत.

दोष त्याचा नाही, रचनेचा आहे. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमापासून आपली पद्धत अशी की मोजकी शासकीय ग्रंथालयं सोडली तर वाचनालय संस्थेने चालवायचं आणि सरकारने अनुदान द्यायचं. अनुदान ज्यावर अवलंबून, तो वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरतो ग्रंथ, सभासद, नियतकालिकं यांच्या संख्येवर. विकास आराखडा ठेवला म्हणून कुणाचा वर्ग वाढत नाही, मग कोण कशाला ठेवेल? त्यात आपल्याकडे ग्रंथालय करही नाही. कर्नाटक, तमिळनाडू, केरळात तो आहे. कर लावा आणि निदान तालुक्याचं वाचनालय तरी सरकारने चालवावं, असं माझं मत.

जुनी पोथी:
सरकारने चालवावं? चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय आठवा. 2010 मध्ये करुणानिधींनी उघडलं, 2011 मध्ये सत्ता बदलली आणि जयललिता सरकारने तिथे मुलांचं रुग्णालय करायचं ठरवलं. मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली म्हणून पुस्तकं जागेवर राहिली. उलट रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848चं. राज्यं आली-गेली, ही टिकली, कारण ती गावाची होती. सरकार चालक झालं की सरकारविरुद्धचं पुस्तक कपाटात कोण ठेवणार?

फडताळ:
आत्ता तरी पुस्तकं कुठे मोकळेपणाने येतात? शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, अनुदानाचा डोळा तिच्याकडे असतो. मालकी संस्थेची असली तरी दोरी मंत्रालयातच आहे.

बंगळूरकर:
कराबद्दल थोडं इथलं सांगतो. कर्नाटकात मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर आहे. आम्ही भरतो, पालिका गोळा करते, आणि तो ग्रंथालय खात्याकडे पोचता पोचत नाही. बंगळूर पालिकेची ही थकबाकी कोट्यवधींची, आणि वर्षानुवर्षांची. कायद्यात कर आला म्हणजे कपाटात पुस्तक आलं असं नाही. केरळचं वेगळं आहे. तिथे 1989च्या कायद्याने निवडून आलेली ग्रंथालय परिषद आहे, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार वाचनालयांच्याच प्रतिनिधींचा. ताब्यात घ्या म्हणण्याआधी ते बघा.

कलम चार:
रचना बदलायची गरजच काय? माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की कार्यालयांनी अर्थसंकल्प, नियम, निर्णयप्रक्रिया न मागता प्रसिद्ध करायची. त्यात नागरिकांसाठीच्या वाचनालयाच्या, वाचनकक्षाच्या वेळा जाहीर करा असंही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात वाचनालय होतं. अंमलबजावणी करून घ्या, बस.

ड वर्ग:
करून घ्या म्हणणं सोपं आहे. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, त्यानंतर आमच्यासारख्या ड वर्गाला वर्षाला 48,000. म्हणजे महिन्याला 4,000. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन (पगार म्हणायला जीभ रेटत नाही). आता आम्ही राजपत्राच्या फायलीही लावायच्या?

पारावरचा:
कशाला फायली? सगळं मोबाईलवर आहे. शासन निर्णय संकेतस्थळावर येतो, केंद्राचं राजपत्र तर 2015 पासून कागदावर छापतही नाहीत. 1970 सालात अडकलोय आपण.

फडताळ:
पारावरचा, नेमकं म्हणूनच. कागद होता तेव्हा एक प्रत कुठेतरी उरायची. 1954च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पुस्तक पाठवावं लागतं. संकेतस्थळावरून उद्या फाईल गायब झाली तर तिची प्रत कुणाकडे मागायची?

बाकी बंगळूरकरांचा केरळचा मुद्दा मला पटतो, पण आपल्याकडच्या निवडणुका बघता परिषदेत कोण बसेल ते सांगायला नको. ते जमेपर्यंत एक छोटी गोष्ट व्हावी. प्रारूप विकास आराखड्यावर (म्हणजे शहरात कुठे काय येणार याच्या कच्च्या नकाशावर) हरकती घ्यायला 30 दिवस मिळतात. नकाशा बघायला मिळतो तो कचेरीच्या वेळात, म्हणजे रोजगार बुडवून. वाचनालय संध्याकाळी उघडं असतं. तेवढे 30 दिवस एक प्रत तिथे ठेवा, आणि तिचा खर्च पालिकेने द्यावा, अनुदानातून नको.

जुनी पोथी:
याला माझी हरकत नाही. पण संचालक मंडळात दोन बिल्डर असलेलं वाचनालय मी पाहिलंय. तिथे तो नकाशा कुलूपबंद कपाटात जाईल.

ड वर्ग:
आमच्याकडे कपाटालाही कुलूप नाही, पाठवा. फक्त नकाशा पसरायला मोठं टेबल पण द्या, आमच्या टेबलावर कॅरम असतो.