मुठेचा पूर आणि थेट नकाशा : निर्णय नेमक्या कोणत्या माहितीवर घ्यावा?

नदीकाठचा रहिवासी

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठा नदीच्या काठावरील चार सोसायट्यांचे रहिवासी आहोत. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासला धरणातून सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि आमच्या तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा विसर्गाचा आकडा प्रत्येकाच्या मोबाइलवर होता, पण त्या आकड्याला आपल्या जिन्याच्या किती पायऱ्या बुडतील हे कोणालाही सांगता आले नाही. यंदा विसर्ग, पाऊस, बंद रस्ते आणि रहिवाशांनी पाठवलेली छायाचित्रे एकाच थेट नकाशावर आणण्याचा आमचा विचार आहे. तळमजला रिकामा करण्याचा निर्णय यांपैकी कशावर घ्यावा? तळमजल्यावर दोन वृद्ध महिला एकट्या राहतात, त्यामुळे ही चूक आम्हाला पुन्हा करायची नाही.

धरणांवर नोकरी केलेला

क्युसेकमधून सेकंदाला किती पाणी वाहते ते कळते. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. ते पाणी किती उंच चढेल हे मात्र पुढच्या पात्रावर ठरते. खडकवासल्याच्या खाली मुक्त पाणलोटातले (म्हणजे धरणाने न अडवलेल्या भागातले) ओढे मुठेला मिळतात आणि त्यांचे पाणी धरणाच्या आकड्यात धरलेले नसते. त्यातच मुळशी आणि पवना धरणांतून पाणी सुटल्याने मुळा नदी भरून वाहत असेल, तर संगमाजवळ मुठेच्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही आणि फुगवटा येतो. म्हणूनच एकाच विसर्गाला दोन वेगळ्या वर्षी पाण्याची पातळी वेगळी दिसते.

यावर माझा आग्रह एकच आहे. काठावरच्या पक्क्या भिंतीवर फूट आणि इंचाच्या खुणा रंगवा आणि विसर्ग वाढल्याची सूचना किती वाजता आली व पाणी कोणत्या खुणेला किती वाजता टेकले, याची प्रत्येक पावसाळ्यात नोंद ठेवा. निळी आणि लाल पूररेषा अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुरासाठी आखलेल्या असतात; बांधकामाचे नियम ठरवायला त्या उपयोगी आहेत, पण आज रात्री काय होणार हे त्या सांगत नाहीत.

नकाशेवाली

सरांच्या म्हणण्याला जोडून उपग्रहचित्रांविषयी लिहिते, कारण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवली जाते. सेंटिनेल-१ चे रडार ढगांआडूनही पाणी टिपते, हे खरे आहे. मात्र तो उपग्रह एकाच ठिकाणावरून काही दिवसांच्या अंतराने जातो आणि इमारतींच्या दाटीत रडारचे परावर्तन गोंधळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पाणी मोकळ्या शेतांत दिवसचे दिवस साचून राहिले होते आणि तशा पुरात ही चित्रे मोलाची ठरतात. काही तासांत चढून उतरणाऱ्या मुठेच्या पुरात तुमच्या गल्लीचा निर्णय त्यांवर सोपवू नका.

रहिवाशांच्या छायाचित्रांबाबत नियम कडक ठेवा. प्रत्येक नोंदीवर वेळ आणि ठिकाण ठळक दिसले पाहिजे, नोंद तासाभराने आपोआप फिकी झाली पाहिजे आणि दुसऱ्या माणसाने दुजोरा देईपर्यंत तिचा रंग वेगळा राहिला पाहिजे. गतवर्षीचे छायाचित्र ऐन पुरात आजचे म्हणून फिरू लागले, की लोक खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवेनासे होतात. ज्या भागातून कोणतीच नोंद आली नाही तो भाग नकाशावर सुरक्षित भासतो. प्रत्यक्षात तिथली वीज आणि नेटवर्क गेलेले असू शकते. असा भाग करड्या रंगात दाखवा.

सहकारनगरकर

ओढ्यांच्या काठी राहणाऱ्यांनी हा हिशेब तसाच्या तसा लावू नये, एवढे कळकळीने सांगतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराआधी विसर्गाची सूचना येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते पाणी कात्रजच्या डोंगरउतारावर कोसळलेल्या पावसाचे होते. तिथे वरच्या भागातले पर्जन्यमापक पाहावे लागतात, आणि वेळ इतका थोडा असतो की वाहन काढून रस्त्यावर उतरण्यापेक्षा वरच्या मजल्यावर जाणे हाच योग्य निर्णय ठरतो. तुमच्या नकाशावर विजेच्या डीपी आणि मीटरच्या खोल्याही अवश्य दाखवा. २०२४ मध्ये पुलाची वाडी परिसरात तिघांचा मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला होता. कोणत्या खुणेला पाणी आले की वीज बंद करायची आणि रात्री दोन वाजता महावितरणला दूरध्वनी कोणी करायचा, हे कागदावर आधीच नावानिशी लिहून ठेवा.

नदीकाठचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी खुणा रंगवत आहोत. तळमजल्याच्या उंबऱ्यापेक्षा चार फूट खालच्या खुणेला पाणी टेकले की त्या दोघींना दुसऱ्या मजल्यावर न्यायचे, यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहायची नाही, असे काल बैठकीत ठरले. एक शंका उरते : खुणा जमिनीपासून मोजाव्यात का?

धरणांवर नोकरी केलेला

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी जोडून घ्या. एखाद्या सर्वेक्षकाकडून अर्ध्या दिवसात लेव्हल काढून मिळेल, आणि मग तुमची खूण, शेजारच्या सोसायटीची खूण व पूररेषेची पातळी यांची थेट तुलना करता येईल. चार फुटांचे अंतर मात्र या पावसाळ्यापुरतेच धरा. पाणी तासाला किती चढते हे तुमच्या नोंदींतून कळले, की ते बदलावे लागेल.