घरी बांधलेली जीप सरळ चालत नाही: कॅस्टर वाढवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. गेली तीन वर्षे सुटीच्या दिवशी मी मुंबईत, आमच्या सोसायटीच्या आवारात, जुन्या सीजे-३बी जीपच्या चासीवर हॉट रॉडच्या धाटणीची दोन आसनी उघडी गाडी बांधत आहे. पुढे पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) मूळचा सॉलिड अॅक्सल आणि ६.००-१६ चे टायर आहेत. मागे मात्र, खरे सांगायचे तर निव्वळ दिसण्याच्या हौसेपायी, ७.५०-१६ चे टायर चढवले आणि त्यासाठी पुढच्या चाकांना शक्ती पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट काढून टाकला. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मला ठाऊक आहे, गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेत नाही, तेव्हा ती चर्चा येथे नको.)

मुलुंडच्या एका बंद कारखान्याच्या सपाट आवारात चालवून पाहिली, तेव्हा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे ती कधी इकडे तर कधी तिकडे भरकटू लागली. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपण होऊन सरळ होत नाही, हातानेच परत आणावे लागते. शिवाय गाडी थोडी डावीकडे ओढते. गाडी टेम्पोवर घालून अलाइनमेंटच्या दुकानात नेली, तर तिथल्या कारागिराने टो (पुढची दोन्ही चाके पुढच्या बाजूने एकमेकांकडे किती वळली आहेत ते) तपासला, संगणकाचा हिरवा पडदा दाखवला आणि ‘याला बाकी काही करता येत नाही’ म्हणून पैसे घेतले.

मग स्वतःच मोजायला बसलो. आमच्या आवारातील फरशीला पावसाच्या पाण्यासाठी गटाराकडे उतार दिलेला असल्यामुळे गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली लेव्हलची नळी आणली आणि चारही चाकांखाली प्लायवुडचे तुकडे सारून ती एका पातळीत आणली. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढली, गाडी खाली टेकवून थोडी पुढे ढकलली आणि दोन्ही रेघांमधले अंतर पुढून व मागून मोजले. टो-इन २ मिलिमीटर भरला. मूळ मापे टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, कॅम्बर (चाकाचा बाजूला झुकाव) दीड अंश आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव, ज्यामुळे स्टीअरिंग आपण होऊन सरळ होते) ३ अंश अशी असल्यामुळे टोमध्ये दोष नाही, हे मलाही मान्य आहे.

कॅस्टरसाठी चाक २० अंश आत आणि २० अंश बाहेर वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर मोजला आणि त्यांतील फरकाला दीडने गुणले. उजवीकडे १.२ अंश आले, डावीकडे ०.९. हिशेबही जुळतो. मोठ्या टायरमुळे मागची बाजू सुमारे ४० मिलिमीटर उचलली गेली आणि पुढचा एक पाटा काढल्याने नाक २५ मिलिमीटर खाली आले. ८० इंचांच्या व्हीलबेसवर ६५ मिलिमीटरचा हा कल म्हणजे जवळजवळ १.८ अंश. गाडीला ऐट आणण्याच्या नादात मीच तिचा कॅस्टर घालवला, असे दिसते.

पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये घालून अॅक्सल कलता करायच्या २ आणि ४ अंशांच्या पाचरी कुर्ल्याच्या बाजारात मिळतात. माझ्या गाडीत पाटे अॅक्सलच्या खालून जातात, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे यावी असे मला वाटते. दुकानदार मात्र ‘जाड बाजू मागेच’ असे ठामपणे सांगतो. बरोबर कोण? आणि ४ अंशांची पाचर घातल्यास स्टीअरिंग अधिक चांगले परत येईल का?

प्रतिसाद:
जाड बाजू पुढेच ठेवा. दुकानदार पाटे अॅक्सलच्या वर असलेल्या गाड्यांचे सांगत असावा. तिथे ती मागे येते. ४ अंशांच्या मोहात पडू नका, कारण एकूण कॅस्टर ५ अंशांवर गेला तर स्टीअरिंग जड होईल आणि पुढची चाके थरथरू लागण्याची भीती वाढेल. २ अंश पुरेत. एरवी अॅक्सल फिरवला की पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो, पण तुम्ही शाफ्टच काढला आहे. पाचर पोलादी घ्या, सेंटर बोल्टचे डोके अॅक्सलच्या खड्ड्यात पूर्ण बसते का ते पाहा, आणि थोडे चालवल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळा. मात्र त्याआधी बेलक्रँकचा (स्टीअरिंगची हालचाल चाके वळवणाऱ्या दोन टाय रॉडकडे पोचवणाऱ्या मधल्या भागाचा) शाफ्ट हाताने हलवून पाहा. तिथे खेळ असेल तर पाचरीने भरकटणे थांबणार नाही. डाव्या-उजव्यातील ०.३ अंशाचा फरक घरगुती मोजणीत चुकीचाही असू शकतो. ओढण्यासाठी आधी हवेचा दाब पाहा आणि फेरी मारून आल्यावर दोन्ही ब्रेक ड्रम किती तापले ते चाचपा.

धागाकर्ता:
आभारी आहे. आज ब्रेक जेमतेम वापरून दोन फेऱ्या मारल्या. उजव्या ड्रमवर तळहात टेकवता आला, डाव्याला बोटही लावता येईना. चाक काढले तेव्हा सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला सापडला. बेलक्रँकमध्येही थोडा खेळ आहे, त्यामुळे आधी त्याचे बुश बदलतो आणि मगच २ अंशांची पाचर घालतो. एकच विचारायचे राहिले: पाचर बसवल्यावर टो पुन्हा मोजावा लागेल, पण तो बदललाच तर दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवावेत, की बेलक्रँक मध्यावर धरून आधी डावे चाक सरळ करावे आणि उरलेला टो उजव्या रॉडने साधावा?