नवं मॉडेल नंतर, आधी पर्जन्यमापक साफ करा

मोजपात्र (धागाकर्ता):
मे २०२४ च्या अखेरीस तापमानाचे दोन आकडे देशभर फिरले. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश आणि त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६. दोन्ही चुकीचे निघाले. मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाण उपकरणापेक्षा तीन अंश जास्त दाखवत होता, हे हवामान विभागानेच तपासून जाहीर केलं. नागपूरचा सेन्सर बिघडलेला होता. आकडे अचाट होते म्हणून लगेच पकडले गेले. मला घोर लागतो तो न पकडल्या जाणाऱ्या चुकांचा.

मी बारा वर्षं रोज सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून पाऊस वाचलाय. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात एक वाळकं पान अडकलं, कोळ्यानं जाळं विणलं, की बाहेर धो धो पडत असताना आत दोन-चार मिमीच उतरतं. स्वयंचलित केंद्रात तर हे दिसायला माणूसही नसतो. बॅटरी उतरली की 'नोंद नाही' येते, आणि पुढे कुठल्या तरी तक्त्यात त्याचं शून्य होऊन बसतं. 'नोंद नाही' आणि 'पाऊस नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याचा अंदाजाशी संबंध असा. २०१८ पासून आपल्याकडे हवामान अंदाजाचं १२ किमी जाळीचं (नकाशाचे १२ किमीचे चौकोन पाडून हिशेब करणारं) समूह मॉडेल चालतं. सुरुवातीची हवामानस्थिती थोडी थोडी बदलून तेच मॉडेल २१ वेळा धावतं. पण २१ पैकी २० धावांत पाऊस दिसला म्हणजे शक्यता ९५ टक्के, असं होत नाही. सगळ्या धावा एकाच मॉडेलच्या, त्यामुळे त्या चुकतातही एकाच बाजूला. रिमझिमीचे दिवस जास्त दाखवायची खोड बहुतेक मॉडेलना असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत. मॉडेलचा सह्याद्री मात्र गुळगुळीत असतो, म्हणून घाटमाथ्याचा पाऊस तो पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात सांडतो. ही कायमची चूक मागच्या नोंदींशी ताडून काढता येते. त्यालाच कलदुरुस्ती म्हणतात.

आता पर्जन्यमापकच तुंबलेला असेल तर? दुरुस्ती करणारं गणित समजतं की मॉडेल जास्त पाऊस सांगतंय, आणि पुढचा बरोबर असलेला अंदाजही कोरडा करून ठेवतं. म्हणून माझं ठाम मत आहे: पुढचा पैसा आधी केंद्रांच्या देखभालीला आणि नोंदींच्या छाननीला द्या, मोठ्या संगणकाला नंतर.

घाटवाट:
पूर्ण असहमत. कलदुरुस्ती म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. मॉडेलला घाट दिसत नसेल तर घाट दिसेल असं मॉडेल करा. मे २०२५ मध्ये ६ किमी जाळीची भारत फोरकास्ट सिस्टिम आली ती त्याच दिशेने. शिवाय मॉडेलची चूक रोज सारखी नसते. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असतो तेव्हा ते एका बाजूला चुकतं, पावसाने उघडीप दिली की दुसऱ्या. तुम्ही दोन्हींची सरासरी काढून दोन्ही दिवस बिघडवणार. आणि मॉडेल बदललं की जुन्या चुकांचा सगळा हिशेब रद्दच!

मोजपात्र:
शेवटच्या मुद्द्याला उत्तर आहे. युरोपचं मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं केंद्र मॉडेल बदलतं तेव्हा मागच्या वीस वर्षांचे अंदाज नव्या मॉडेलवर पुन्हा काढतं. खर्चिक आहे, पण हिशेब नव्या मॉडेलचाच होतो. उघडीप आणि जोराचा पाऊस यांचा हिशेब वेगळा ठेवावा, हे मात्र मान्य. मी ते लिहायला हवं होतं.

सांताक्रूझकर:
मला भीती छाननीचीच वाटते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७३. एकाच शहरातली दोन केंद्रं! 'शेजारच्या केंद्राशी जुळत नाही' या नियमाने त्या दिवशी कुठला आकडा बाद झाला असता, सांगा. मी त्या रात्री कुर्ल्यात छातीभर पाण्यात होते. तुमच्या गणिताला तो आकडा अशक्य वाटला असता, आणि त्या आकड्यात माणसं बुडत होती. कलदुरुस्तीचंही तेच. मागे जे कधी घडलंच नाही, ते दुरुस्त केलेल्या अंदाजात येणार कुठून?

शेकडेवारी:
ताई, तुमची भीती खरी आहे, पण ती वाईट छाननीबद्दल आहे. त्याच दिवशी विहार तलावावर १,०४९ मिमी नोंदले गेले होते. म्हणजे जवळचा शेजारी बघितला असता तर सांताक्रूझला साक्षीदार होता. कुलाबा फार लांबचा शेजारी. चांगल्या छाननीत संशयित आकडा खोडत नाहीत. त्याच्यावर खूण करतात, रडार आणि उपग्रहाशी ताडतात, आणि माणसाने पाहिल्याशिवाय बाद करत नाहीत. २००५ मध्ये मुंबईत डॉप्लर रडार (ढगांतला पाऊस टिपणारं) नव्हतं. आज आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुम्ही बरोबर आहात. २०४.४ मिमीच्या वरचा पाऊस, म्हणजे 'अत्यंत मुसळधार', एका केंद्राच्या नोंदींत इतक्या क्वचित सापडतो की त्यावरून दुरुस्ती शिकवणं धोक्याचं. तिथे मी मूळ अंदाज आणि दुरुस्त अंदाज शेजारी-शेजारी दाखवीन, आणि इशारा देताना मूळ अंदाज डावलणार नाही.

बागाईतदार, निफाड:
तुमचं सगळं वाचलं. माझा प्रश्न साधा आहे. द्राक्षाची छाटणी होऊन पोंगा (कोवळा फुटवा) फुटलाय, डाऊनीची, म्हणजे ओलीत पसरणाऱ्या बुरशीची, भीती आहे. उद्या औषध मारू की नको? पावसाची शक्यता 'चाळीस टक्के' ऐकून मी काय करू? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. आणि 'तुरळक ठिकाणी' म्हणजे माझ्या बागेत का शेजारच्या? दर मंगळवारी-शुक्रवारी कृषी सल्ला येतो, मी तो नेमाने वाचतो, पण निर्णय शेवटी आभाळ बघूनच घेतो.

शेकडेवारी:
दादा, 'तुरळक ठिकाणी' हे शक्यतेचं मापच नव्हे. विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस किती पसरेल ते कळतं, तुमच्या बागेत येईल का ते नाही. ही गल्लत सगळीकडे होते आणि बातम्या देणारे ती वाढवतात.

'हो की नाही' मी तुमच्या वतीने ठरवलं तर मी तुमचा खर्च न विचारता ठरवतो. समजा फवारणीला एकरी १,५०० रुपये लागतात आणि न मारता पाऊस आला तर १०,००० चं नुकसान. मग १५ टक्क्यांच्या वर शक्यता असेल तर मारणं परवडतं. चाळीस टक्के म्हणजे तुमच्यासाठी स्पष्ट 'हो'. त्याच दिवशी कांदा उघड्यावर वाळवणाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल. अट एकच: चाळीस टक्के सांगितलेल्या शंभर दिवसांपैकी साधारण चाळीस दिवशी पाऊस पडलेला असला पाहिजे.

बागाईतदार, निफाड:
ती अट पुरी होते का, हे मला कोण दाखवणार? नाशिकचं नको, महाराष्ट्राचं नको. माझ्या महसूल मंडळाचं (तालुक्यातल्या आमच्या काही गावांच्या गटाचं), मागच्या तीन हंगामांचं दाखवा. तोवर तुमचे टक्के तुमच्यापाशी.

मोजपात्र:
तुमची मागणी अगदी रास्त आहे. प्रत्येक मंडळासाठी अंदाजाशेजारी मागचा ताळा छापायलाच हवा. अमेरिकी हवामानतज्ज्ञ ब्रायरने असा ताळा मोजायची रीत १९५० मध्येच दिली. तो छापला जात नाही तोवर वही घाला. एका रकान्यात सांगितलेली शक्यता, दुसऱ्यात पडलेला पाऊस. २.५ मिमी किंवा जास्त असेल तरच पावसाचा दिवस धरा.

घाटवाट:
आणि तो ताळा चुकीचा आला, तर दोष मॉडेलचा की पर्जन्यमापकाचा, हे कसं ओळखणार? माझं म्हणणं अजून तेच आहे. तुम्ही मोजपट्टीवर इतका जोर देताय की मोजायची वस्तू सुधारायची राहून जाईल.

बागाईतदार, निफाड:
मोजपट्टीचं निघालंच म्हणून सांगतो. आमच्या मंडळाचं केंद्र माझ्या बागेपासून नऊ किलोमीटरवर आहे. बसवलं तेव्हा मोकळं मैदान होतं, आता कुंपणाला लागून बाभूळ वाढलीय. पश्चिमेकडून पाऊस आला की फांद्या आडव्या येतात. पीक विम्याला पावसाचा आकडा त्याच केंद्राचा धरतात.

मोजपात्र:
बाभळीची उंची मोजा. पर्जन्यमापकाच्या काठापासून वर झाड जेवढं उंच, त्याच्या दुपटीपेक्षा ते जवळ असेल तर तिथली नोंद कमी येते. चारी बाजूंनी फोटो काढा, अंतर लिहा, मंडळ कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. बाभूळ छाटली तर तारीख वहीत लिहून ठेवा. त्या दिवसाच्या आधीचा पाऊस आणि नंतरचा पाऊस एका रांगेत मांडता येणार नाही.