'भय इथले संपत नाही' : यातली 'तू' कोण?

सांजवेडा :
ग्रेस यांची ही कविता सगळेजण विरहगीत म्हणून ऐकतात. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज, त्यात 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं दुःख म्हणूनच ते घरोघरी पोचलं. मला हा अर्थ पटत नाही. 'मी संध्याकाळी गातो, तू मला शिकविली गीते' असं प्रेयसीला कोण म्हणेल? गाणी शिकवते ती आई, नाहीतर गुरू. माझ्या मते हे पोरक्या झालेल्या मुलाचं गाणं आहे. मुळात बोलणारा पुरुष आहे, हे तर आपण विसरूनच गेलोय.

रानवाट :
सहमत नाही. 'झाडांशी निजलो आपण, झाडात पुन्हा उगवाया' ही ओळ आईला उद्देशून वाचून बघा बरं. जमतंय का? सोबत मरायचं, सोबत परत जन्मायचं, ही ओढ जोडीदाराचीच. 'मी नटलो शृंगाराने' असंही कवितेत आहे, त्याचं काय करणार? आणि प्रेमात माणूस गाणं शिकतोच की.

सांजवेडा :
शृंगाराचा मुद्दा मान्य, तो माझ्या अर्थात बसवणं अवघड आहे. पण 'स्तोत्रात इंद्रिये अवघी' ही ओळही त्याच कवितेतली. स्तोत्र म्हटलं की समोर पूज्य कोणीतरी आलंच.

अनवट :
तुम्ही दोघंही सीतेच्या ओळीवरून पुढे निघून गेलात. माझ्यासाठी सगळी कविता तिथे आहे. 'तो बोल मंद हळवासा' आयुष्याला स्पर्शून गेला, कसा? तर सीतेच्या वनवासात तिच्या अंगावर राघवाचा शेला असावा तसा. आता वनवास कुठला? पहिल्या वनवासात राम शेजारीच होता, तिथे शेल्याची एवढी मातब्बरी कशाला? हा दुसरा वनवास असणार, रामानेच धाडलेला. ज्याने सोडलं त्याचंच वस्त्र ऊब देतंय. अशा आठवणीने भय कमी होत नाही, आणि ती टाकवतही नाही. हे नातं आई-मुलाचं खासच नाही. मालिकेने गाणं बाईच्या तोंडी दिलं ते म्हणूनच मला चपखल वाटतं.

रानवाट :
अनवट, दुसरा वनवास हा तुमचा तर्क झाला, ओळीत तसं कुठेही म्हटलेलं नाही. मला तिथे निव्वळ माया दिसते. अरण्यात थंडी वाजते, जवळच्या माणसाने आपला शेला पांघरला, बस. त्यात त्यागाची कडवट चव घातली तर 'मंद हळवासा' हे शब्द फुकट जातात.

अनवट :
उलट, ते तेव्हाच टोचतात. बोल हळवा होता म्हणूनच तो सोडून जाणाऱ्याचा असणं सहन होत नाही. नुसती माया असती तर पहिला शब्द 'भय' कशाला आला असता? तुमच्या अर्थात ते भय कुठून येतं, तेवढं सांगा.