माजी सैनिकांची गुडघेदुखी : व्हिडिओवरचा सामूहिक व्यायाम कामाचा आहे का?

सातारकर
वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात, अख्खा दिवस मोडतो. मग जाणंच सुटतं. 2021 पासून सेहत ओपीडी या फौजींसाठीच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर घरबसल्या भेटतो, तर व्यायामाचा तास का नको? अमेरिकेत डरहॅमच्या माजी सैनिक रुग्णालयात 1986 साली सुरू झालेला 'जेरोफिट' हा वयस्कर माजी सैनिकांचा सामूहिक व्यायामवर्ग आता व्हिडिओवरही चालतो. आमचे वडील एकटे व्यायामाला टाळाटाळ करतात, पण 'फॉलइन' (रांगेत या) म्हटलं की पहिले हजर असतील.

गुडघेवाली फिजिओ
माझा विरोध आहे. खुर्चीतून उठताना गुडघा आत वळतो, माणूस हाताने रेटा देऊन उठतो. मोबाईलच्या चिमुकल्या चौकोनात ते दिसत नाही. तोल गेला तर धरणार कोण? शिवाय फौजी दुखणं सांगत नाहीत. विचारलं की "ठीक है साब". चार सोबती बघत असले की आणखी दात दाबून करतात, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो.

सातारकर
म्हणून व्यायामच बंद ठेवायचा? मांडीचे स्नायू सुटले की सांध्यावरचा भार वाढतो, हे तुम्हीच सांगता. पहिली तपासणी समोरासमोर करा. नंतर खुर्ची भिंतीला टेकवून, मोबाईल बाजूने लावून, घरातलं कुणीतरी शेजारी उभं करून तास घ्या.

निवृत्त सुभेदार
मोबाईल नातवाकडे आणि रेंज गच्चीवर, अशी आमची अवस्था. घरात एकट्याने पडद्याकडे बघून मन लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात घरोघरी फौजी आहेत. समाजमंदिरात मोठा टीव्ही लावा, आम्ही दहा-पंधरा जण जमतो, पलीकडून फिजिओ बोलू दे. बायकांनाही बोलवा. गुडघे त्यांचेही गेलेत, त्यांना कुणी विचारत नाही.

गुडघेवाली फिजिओ
सुभेदारसाहेब, याला माझी ना नाही. पण हॉलमध्ये शिकलेला मदतनीस हवाच. आणि ज्यांना सूज येणारा आमवात आहे त्यांना झीजवाल्यांच्या रांगेत बसवू नका. सांधा गरम, लाल असताना जोर लावणं चुकीचं. हे निवडणार कोण?

सातारकर
पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी निवडावं. त्या एका फेरीसाठी वडिलांना मी स्वतः घेऊन जाईन. दर आठवड्याला रजा काढणं मला जमत नाही.