‘टी-४’ मोहीम : बळींचा प्रतिकार कोणत्या कलाकृतीत दिसतो?

प्रश्न (कलाविद्यार्थिनी) : नाझी राजवटीतील ‘टी-४’ मोहिमेवरील कलाकृतींविषयी मी प्रबंधिका लिहीत आहे. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सहा केंद्रांत ७०,२७३ मनोरुग्ण व अपंग व्यक्तींना विषारी वायूने मारण्यात आले. हा आकडा मारणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलेला आहे. प्रतिकाराचा विषय निघाला की या हत्यांचा जाहीर निषेध करणाऱ्या बिशप फॉन गालेन यांच्या ३ ऑगस्ट १९४१ च्या प्रवचनाचा उल्लेख येतो, पण तो बाहेरच्या माणसाचा आवाज झाला. ज्यांना नेले, त्यांचा प्रतिकार एखाद्या कलाकृतीत दिसतो का?

प्रतिसाद (जुना वाचक) : होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेयास क्निट्झ यांचे २००६ चे ‘राखाडी बसचे स्मारक’ आपण पाहिले असेलच. रुग्णांना ज्या बसमधून नेत, तशाच खऱ्या आकाराच्या दोन काँक्रीटच्या बस त्यांनी घडवल्या. प्रत्येक बस उभी चिरून दोन भाग केलेले असल्यामुळे मधल्या अरुंद वाटेने आपल्याला चालत जाता येते. एक बस राव्हेन्सबुर्गजवळच्या वाइसेनाऊ येथील मनोरुग्णालयाच्या जुन्या प्रवेशद्वारात कायमची उभी आहे, तर दुसरी गावोगाव हलवली जाते. आतल्या भिंतीवर कोरलेले ‘तुम्ही आम्हाला कुठे नेत आहात?’ हे वाक्य एका रुग्णाचेच आहे. रुग्णांना काही कळतच नव्हते, या सोयीच्या समजुतीला त्या एका प्रश्नाने तडा जातो, असे मला वाटते.

प्रतिसाद (रेषा) : वरील मत पटते, परंतु स्मारके नंतरच्या लोकांनी उभारलेली असतात. एल्फ्रीडे लोझे-वेख्टलर या चित्रकर्तीकडे आपण आधी वळावे, असे सुचवते. १९२९ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रीड्रिक्सबर्ग मनोरुग्णालयात असताना तिने सोबतच्या स्त्रियांची व्यक्तिचित्रे काढली. कुणी उशीत डोके रुतवून पडलेली, कुणी नजर रोखून पाहणारी. डॉक्टरच्या टिपणात असतात तशी ही ‘प्रकरणे’ नव्हेत, शेजारच्या खाटेवरून पाहिलेली माणसे आहेत. पुढे आर्न्सडोर्फच्या संस्थेत असताना तिने नसबंदीला संमती नाकारली, तरी १९३५ मध्ये ती बळजबरीने करण्यात आली आणि त्यानंतर तिची चित्रनिर्मिती जवळजवळ थांबली. ३१ जुलै १९४० रोजी त्या सहा केंद्रांपैकी एक असलेल्या पिर्ना-झोनेनश्टाइन येथे तिला मारण्यात आले. (हिच्या चित्रांना ‘वेडाची कला’ म्हणणारे लेख कृपया संदर्भात घेऊ नयेत.)

प्रतिसाद (चाकखुर्ची) : मी स्वतः अपंग आहे, म्हणून एक भर घालतो. ब्रिटिश कलावंत लिझ क्रो या २००९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील रिकाम्या चौथऱ्यावर नाझी गणवेश घालून आपल्या चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मारणाऱ्याचा वेश आणि मारले गेले असते ते शरीर एकाच जागी पाहून बघणाऱ्याची पंचाईत होते, आणि दया दाखवण्याची नेहमीची सोय उरत नाही. ‘टी-४’ वरील त्यांच्या चित्रपटातही मध्यवर्ती पात्र संस्थेत झाडू मारणारी एक रुग्ण स्त्री आहे.

कलाविद्यार्थिनी : सर्वांचे आभार. बसच्या स्मारकापासून आरंभ करण्याचा माझा बेत होता. तो बदलून आता फ्रीड्रिक्सबर्गची व्यक्तिचित्रे पहिल्या प्रकरणात घेते. रेषा, त्या चित्रांची बरी छपाई असलेला एखादा ग्रंथ आपल्या पाहण्यात आहे का?